अकरा नंबरचा आवाज

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत, शाळा उघडायला चार दिवस बाकी असताना, सकाळी मुख्याध्यापक उत्तमराव सरांचा फोन आला.

"सुचिता मॅडम, तुम्ही शाळेच्या जवळ राहता म्हणून विचारतो. मयुरीची आई येणार आहे दुपारी. वसतिगृहात पोरीची पेटी पडून आहे, ती तेवढी त्यांच्या हवाली कराल का? बाकी सगळे गावाला गेलेत."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. होतं खरं तर, पण ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

आमची शाळा खामगावच्या बाहेर, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पलीकडे आहे. मी तिथे संगीत शिकवते. आमच्याकडे कीबोर्डची खोली आहे, तिला सगळे 'लॅब' म्हणतात. सोळा टेबलं, सोळा कीबोर्ड, आणि प्रत्येकाला तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन. माझ्या टेबलावर एक पॅनल आहे, त्यावर एक ते सोळा बटणं. सात नंबर दाबला की सातव्या टेबलावरची पोरगी काय वाजवते, काय बोलते ते फक्त माझ्या कानात येतं. लाल बटण दाबून धरलं की माझा आवाज फक्त तिच्या कानात जातो. बोट उचललं की संपलं. शेजारच्या पोरीलाही पत्ता लागत नाही.

बाहेरून कोणी त्या खोलीत आलं तर बिचकतं. सोळा पोरी मन लावून वाजवत असतात आणि खोलीत स्वर एक नाही. नुसता पट्ट्यांचा खट्खट् आवाज. खोबरेल तेलाचा, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. मला मात्र ती शांतता आवडायची. प्रत्येक पोरगी माझ्याशी एकटीच असल्यासारखी वाटायची.

मयुरी अकरा नंबरवर बसायची. सातवीतली, सुलतानपूरजवळच्या खेड्यातली. वडील ती लहान असतानाच वारले, आई गावात आशाताई, घरोघरी जाऊन आरोग्याचं काम पाहणारी. पोरगी वर्गात तोंड उघडायची नाही, पण हेडफोनमध्ये भडाभडा बोलायची. "मॅडम, मले हे जमून राह्यलं पाहा." "मॅडम, आमच्याकडे बुद्धवंदना असते ना, ते याच्यावर वाजवता येईन काय?" मी म्हणायचे, येईल, आधी उजवा हात पक्का कर.

सप्टेंबरात एका मंगळवारी, शेवटच्या तासाला, मी अकरा दाबला. ती वाजवत नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता.

"काय गं, थांबलीस का?"

"मॅडम, डोकं लय दुखून राह्यलं."

त्या आठवड्यात अर्ध्या वर्गाचं डोकं दुखत होतं. शनिवारी कार्यक्रम होता आणि सरावाचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला. मी लाल बटण दाबून म्हणाले, "नाटकं नकोत. दहा मिनिटं राहिलीत, वाजव." आणि बारा नंबरवर गेले.

रात्री वसतिगृहात तिला उलट्या झाल्या, ताप चढला. पहाटे इथल्या दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला. मेंदूज्वर. शुक्रवारी गेली ती. शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला, आणि शोकसभेत मी दोन शब्द बोलले. गुणी मुलगी होती, म्हणाले. मंगळवारी तिनं मला काय सांगितलं होतं, ते नाही बोलले.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा तास सुरू झाले. अकरा नंबर रिकामा ठेवला होता. कीबोर्डवर कापड, हेडफोन खुंटीला. मी ओळीनं बटणं दाबत चालले होते. नऊ, दहा... बोटाला सवय असते. अकरा दाबला गेला.

उजव्या हाताचा सराव ऐकू आला. सा रे ग म, सा रे ग म, आणि मग थांबणं. मग श्वास.

मी मान वर केली. अकराच्या कीबोर्डवरचं कापड हललंसुद्धा नव्हतं.

"मॅडम..." कानात आलं. "डोकं लय दुखून राह्यलं."

मी हेडफोन ओढून काढला. सगळ्या पोरी माझ्याकडे पाहत होत्या. खोलीत तोच खट्खट् आवाज... तोही हळूहळू थांबला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या गजेंद्रला बोलावलं. त्यानं वायर बदलली, पॅनल उघडून पाहिलं. "मॅडम, काहीच फॉल्ट नाही. आणि अकराची तर पिनच काढून ठेवली हाय कोणीतरी. आवाज येईनच कसा?" त्यानं स्वतः कानाला लावून ऐकलं. त्याला काही ऐकू आलं नाही.

मला यायचं. रोज नाही. पण आलंच तर शेवटच्या तासाला. मी ते बटण टाळायचे. मग टाळलं याचीच लाज वाटायची आणि दाबायचे. लाल बटण धरून किती वेळा म्हणाले असेन, "मयुरी, ऊठ बाळा, चल, दवाखान्यात जाऊ." पलीकडे जात नव्हतं. ती तेवढंच एक वाक्य बोलायची आणि वाट पाहायची. ते वाट पाहणं मला ऐकू यायचं.

तर त्या दुपारी तिची आई आली. कोकिळाबाई. पस्तिशीतली, बारीक चणीची, आशाताईंची गुलाबी साडी, कोपरे झिजलेली कापडी पिशवी. मी पेटी आणून ठेवलीच होती. तिनं पेटी उघडून पाहिली नाही. नुसता झाकणावरून हात फिरवला.

"मॅडम, ते बाजा वाजवायची खोली कुठं हाय? फोनवर रोज तेच सांगे. मले एकडाव दाखवता काय?"

मी कुलूप काढलं. सुट्टीत बंद राहिल्यानं खोली कोंदली होती. मेन स्विच खाली पाडलेला. खिडकीतून चारचं तिरपं ऊन आत आलं होतं. मी तिला अकरा नंबर दाखवला. ती त्या छोट्या खुर्चीवर बसली, कापड सरकवलं आणि एक पट्टी दाबली. खट्. वीजच नव्हती.

"तुम्ही कुठं बसता?"

"तिथे. तिथून मला एकेकीचं ऐकू येतं."

"तिचंही ऐकू ये?"

माझ्यानं राहवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मंगळवार, शेवटचा तास, नाटकं नकोत म्हणाले ते. सांगून झाल्यावर म्हटलं, "तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

तिनं पुन्हा एक पट्टी दाबली.

"मी गावभर तापाच्या गोळ्या वाटते, मॅडम. कोणाच्या लेकराचं अंग तापलं की रात्री-बेरात्री जाते. सोमवारी रात्री मयुरीचा फोन आलता. म्हणे, आई, डोकं दुखते. मी म्हटलं, पाणी पी अन् झोप." ती थांबली. "तुमच्याआधी मले सांगतलं होतं तिनं."

बाहेर जिनिंगचा भोंगा झाला.

मग मी तिला दुसरी गोष्टही सांगितली. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. वाटलं, वेड्यात काढेल. ती उठली, माझ्या खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "द्या कानाले."

"वीज नाहीये, कोकिळाताई. काही लागायचं नाही."

"द्या तं खरं."

मी हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला. बटण दाखवलं. तिनं बोट टेकवलं आणि पॅनलवरचा अकरा नंबरचा हिरवा दिवा लागला.

मेन स्विच दाराजवळ होता. मला इथून दिसत होता. खालीच होता.

तिचा चेहरा पाहत मी भिंतीला टेकून उभी राहिले. आधी काहीच नाही. मग तिचे डोळे मोठे झाले, ओठ हलले. तिनं लाल बटण विचारलं नाही, आपणच शोधलं आणि दाबून धरलं.

"मयुरी... मी हाओ. आई."

बोट उचललं. ऐकलं. पुन्हा दाबलं.

"हाव. चूक झाली माय. दोघींचीही झाली... दुखते काय अजून?"

बराच वेळ ऐकत राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"नाही ना? मंग बरं... बरं. घाबरू नोको. वाजव तू... मी ऐकून राह्यली."

किती वेळ गेला ठाऊक नाही. ऊन भिंतीवर चढलं, मग विझलं. मला ऐकू येत नव्हतं काहीच. फक्त अकराच्या कीबोर्डकडे पाहायची हिंमत होत नव्हती, कारण खोलीत हळू, एकामागून एक... पट्ट्या दबल्याचा खट्खट् आवाज येत होता.

मग तो थांबला. दिवा गेला. कोकिळाबाईंनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. स्पंज ओला झाला होता.

"डोकं नाही दुखत म्हणे आता," ती म्हणाली. "काही मागतलं नाही. नुसती वाजवत होती. चांगली वाजवते."

मी तिचे हात धरले आणि रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं रडले. तिनं मला रडू दिलं. त्यानंतर मी कितीदा तरी अकरा दाबून पाहिला. पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. पण ते नंतर.

त्या संध्याकाळी पेटी दोघींनी मिळून फाटकापर्यंत आणली. मेहकरच्या गाडीला अवकाश होता. ती बोलू की नको अशी घुटमळत होती.

"मॅडम, एक विचारू? राग नोका मानू."

"विचारा."

"तिथं तिच्याजवळ कोणीतरी हाय. बाईमाणूस. मोजून राह्यली होती ते. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार... मधीच म्हणे, शाबास, आता दुसरा हात."

"कोण बाई?"

तिनं पिशवी काखेत घेतली. "आवाज तुमचा होता, मॅडम."

फाटकावर कोणी नव्हतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो दिसेनासा होईपर्यंत मी थांबले. मग मनाला समजावत विचारलं, "माझ्या म्हातारपणीचा आवाज असेल, नाही का? थकलेला?"

"नाही," कोकिळाबाई हळूच म्हणाली. "असाच. आता बोलून राह्यल्या ना तुम्ही... अगदी असाच."

गाडी आली. वाहकानं पेटी वर घेतली. पायरीवर चढता चढता ती परत फिरली, माझ्याजवळ आली आणि तिनं उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला, गावातल्या लेकरांचा ताप पाहत असेल तसा. मला ताप नव्हता. वाहक घंटी वाजवत होता, तरी तिनं हात लवकर काढला नाही.