अठरा नंबरची नळी

बस गं. किल्ल्या नंतर देते, आधी चहा घे. पुढच्या शुक्रवारी मी निवृत्त होणार, माझ्या जागी तू येणार, म्हणून मॅडमनी सांगितलंय की हिला काम समजावून द्या. तुला मी काय कपाळ समजावणार? नऊ वर्षं तू तिकडच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवल्यास. हातमोजे कुठे, कुठला नळ गळतो, कुठलं कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे दोन दिवसांत तुझं तुला कळेल. पण ही जी छोटी किल्ली आहे, मागच्या खोलीची, तिचं सांगायला मला थोडा वेळ लागेल. दिवा जरा अलीकडे ओढ. धुक्याने आज भर दुपारी अंधारून आलंय.

आमच्या घरातले पुरुष आजारी पडत नाहीत, एकदम जातात. वडील बुटाची नाडी बांधायला वाकले ते गेले, सेहेचाळिसाव्या वर्षी. काका हसता हसता गेले, एक्केचाळिसाव्या. विनोद त्यांचा स्वतःचाच होता, आणि काकू म्हणायची, फार काही चांगलाही नव्हता. काळजातून निघणारी ती जाड रक्तवाहिनी, महाधमनी, आमच्याकडे जन्मतःच कच्ची असते. वर्षानुवर्षं गुपचूप फुगत जाते आणि एक दिवस फाटते. मला तपासलं, माझी धडधाकट. धाकट्याला तपासलं, तर त्याच्यात दोष उतरलेला.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवतो. जगात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलंय, आणि तेही हट्टी, तिरसट, जेवताना पाय हलवणारं. तेव्हा तो त्रेचाळीसचा होता. त्याची महाधमनी चव्वेचाळीस मिलिमीटर रुंद. डॉक्टर म्हणाले, पन्नास झाली की कापू, तोवर वाट बघा. वाट बघा म्हणे. ज्यांच्या घरात बुटाच्या नाडीने माणूस जातं, त्यांना सांगतायत वाट बघा.

तेव्हाच मॅडमनी हा प्रयोग मांडला. रुग्णाच्या दंडावरची चिमूटभर कातडी घ्यायची, तिच्या पेशी वाढवून त्यांची इवलीशी महाधमनी करायची. बोटाच्या पेराएवढी नळी, शेवयांसारखी पांढुरकी. ती पंपाला जोडायची, म्हणजे ठोका पडल्यासारखी हलत राहते. मग तिच्यावर औषधं घालून बघायची, माणसाला धोका नाही. तुला माहीत आहे हे सगळं, पण मला मुळापासून सांगायची खोड आहे. धाकट्याच्या नळीला नंबर पडला सतरा, तिला रोज नव्या औषधाचा एक थेंब. तुलनेला घरातलं निरोगी माणूस हवं होतं, म्हणून माझी कातडी घेतली. मी अठरा. दोघं शेजारी शेजारी, लहानपणी एका पांघरुणात झोपायचो तसे.

खाद्य बदलायचं काम माझं. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे रविवारी दुपारीही मी यायचे. सगळी इमारत रिकामी, फक्त पंपाचा टुक... टुक... आवाज आणि स्पिरिटचा वास. जुनं खाद्य काढताना हात घाईला आला तर नळी ओरखडते. हाताला लय यावी म्हणून मी गुणगुणायचे. आई भांडी विसळताना जी चाल म्हणायची, तीच. त्या चालीला शब्द नाहीत. एका नळीच्या डबीला चालीचा एक फेरा, की काम बरोबर होतं. खरं सांगते, बाई, त्या दुपारी मला फार आवडायच्या. खाद्याच्या लालसर पाण्यात चोवीस नळ्या एका तालात श्वास घेतल्यासारख्या हलायच्या आणि मला वाटायचं, आपण झोपेतच आहोत की काय.

दुसऱ्या आठवड्यात धाकटा जेवायला आला होता. जेवता जेवता म्हणाला, हल्ली एकच स्वप्न पडतंय. लालसर पाण्यात पडलोय, छान ऊब आहे, आणि वरून कुणीतरी आईची चाल म्हणतंय. मी त्याला प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, पण गुणगुणण्याचं कधीच नव्हतं सांगितलं. लाज वाटते गं, या वयात नळ्यांना अंगाई म्हणायची. मी विषय बदलला आणि त्याला आणखी भात वाढला.

मग एका गुरुवारी पंपाची रबरी नळी चिरली. पंप बंद करून ती बदलायला मला अकरा मिनिटं लागली. बंद केल्याची आणि सुरू केल्याची वेळ मी नोंदवहीत लिहिली. संध्याकाळी, ज्याची पाटी धाकटा रंगवत होता त्या दुकानदाराचा फोन. तुमचे भाऊ पाटी रंगवता रंगवता बसल्या जागी बेशुद्ध पडले, म्हणाला. एका अक्षराची वेलांटी ओढत होते, ती थेट खाली फरशीपर्यंत गेली. मी विचारलं, किती वेळ? म्हणाला, दहा-अकरा मिनिटं असतील, आणि मग आपणहून उठून ब्रश मागायला लागले. वेळ सांगितली तीच, माझ्या वहीतली.

मी धावत त्याच्याकडे गेले. चक्कर असेल, उन्हातून आला असशील, असं मीच बडबडत होते. तो बोटांवरचा रंग पुसत बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "पाणी थांबलं होतं... आणि तू मध्येच गुणगुणायची थांबलीस."

मी म्हटलं ना, त्याला मी सांगितलं नव्हतं.

आता तुला ठाऊकच आहे शेवटी काय करतात. चाळीस दिवस झाले की एकेक नळी यंत्रावर चढवायची आणि आत दाब वाढवत न्यायचा, फाटेपर्यंत. किती दाबाला फाटली तो आकडा लिहायचा. त्यावरून औषध लागू पडलं की नाही ते ठरतं. चोवीसच्या चोवीस नळ्या फाडायच्या, आणि फाडायचं बटण माझ्या हाताखाली. माझी झोप उडाली. मॅडमना काय सांगणार? सतरा नंबर फाडू नका, तो माझा भाऊ आहे? त्यांनी प्रेमाने मला रजेवर पाठवलं असतं आणि बटण दुसऱ्या कुणी दाबलं असतं.

म्हणून मी एकोणचाळिसाव्या दिवशी चिठ्ठ्या बदलल्या. माझ्या नळीवर सतरा लावलं, त्याच्या नळीवर अठरा. वहीत लिहिलं, अठरा नंबरला बुरशी लागली, टाकून दिली. आणि ती नेऊन मागच्या खोलीतल्या जुन्या उबदार पेटीत, जुन्या पंपाला जोडली. पस्तीस वर्षांत तेवढी एकच लबाडी केली मी. आणि केली ती अशी.

दुसऱ्या दिवशी मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. माझी निरोगी नळी. दाबाचा काटा हजाराच्या पुढे गेला असता, तर आजारी सतरा नंबर औषधाने बरा झाला असं सगळ्यांना वाटलं असतं. मी त्याचीच भीती धरून होते. पण तीनशे दहाला... फट्. ओली चिंधी फाटावी तसा आवाज. आजारी नळी फाटते तशीच फाटली ती. मॅडमचा चेहरा उतरला. आमच्या घराण्यासारखा दोष असलेली नळी ती एकच होती. त्या औषधापुढे त्यांनी फुली मारली आणि बाटल्या टाकायला माझ्याकडे दिल्या.

मला काही झालं नाही. कुठे दुखलं नाही, खुपलं नाही. फक्त त्या दुपारी खाद्य बदलायला बसले, गुणगुणायला तोंड उघडलं, तर चालच येईना. आईची चाल, जन्मभराची. एकही सूर नाही. आजतागायत नाही.

बाटल्या मी टाकल्या नाहीत. या सहा वर्षांत त्या नळीला रोज एक थेंब देत आले. इतकी वर्षं कुठलीच नळी जगत नाही; ही जगलीय, आणि केसभरही फुगलेली नाही. धाकटा आता एकोणपन्नासचा आहे. चव्वेचाळीस होती ती चव्वेचाळीसच आहे, डॉक्टर दर वेळी मोजपट्टी पुन्हा लावतात. म्हणजे औषध लागू पडतंय, मला कळतं ते. बाहेर किती घरांतली माणसं नाडी बांधायला वाकत असतील, तेही कळतं. सांगायला गेले तर पेटी उघडतील, नळी यंत्रावर चढवतील, आणि खरा आकडा काढतील. कितीदा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आलेय. मी वाईट आहे असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मलाही वाटतं.

आता शेवटच्या बाटलीत महिनाभराचं औषध आहे. म्हणून तुला सांगतेय. माझ्याच्याने ठरवणं होत नाही. किल्ली तुझ्याकडे, तू ठरव.

एक राहिलं. परवा धाकट्याचा फोन आला होता. स्वप्न अजून पडतं का, असं मी सहज विचारलं. पडतं, म्हणाला, अजून तसंच, आणि चालही ऐकू येते. मी म्हटलं, अरे, मी तर सहा वर्षांत गुणगुणले नाहीये.

तर तो म्हणाला, "हो ना... म्हणूनच विचारणार होतो. आवाज आता वरून येत नाही, ताई. शेजारून येतो."

मी फोन ठेवला. त्याला सांगितलं नाही, पण मला ते आधीपासून माहीत असावं. त्या पेटीत मी एकच नळी ठेवलीय, आजही एकच दिसते, मी रोज भिंग लावून बघते. एका नळीला ते लाल खाद्य दोन दिवस पुरतं, मग पिवळं पडतं. तुझ्या-माझ्या हाताचा हिशेब आहे हा, चुकायचा नाही. तिथलं, माझी नळी फाटली त्या दिवसापासून, एका दिवसात पिवळं पडतंय.

तेव्हा रोज बदलत जा. दोघांना पुरेल एवढं घाल.