आजीची मुकी बोली

मी गेले होते ती एक फोटो आणायला, दुसरं काही नाही. आजीला जाऊन महिना झाला होता. ज्या कापड कारखान्यात तिने चाळीस वर्षं काढली तो विकला गेला होता, आणि सोमवारी इमारत पाडायला घेणार होते. मुकादमाच्या केबिनमध्ये बायकांचा एक जुना फोटो भिंतीवर तसाच राहिलाय, त्यात आजी आहे, असं कळल्यावर मी तिथल्या पहारेकऱ्याला फोन केला. "या की दुपारी," तो म्हणाला, "नाहीतरी पाडणारे तो कचऱ्यातच टाकणार." आजीचा तरुणपणीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. म्हणून शनिवारी जेवण उरकून मी निघाले.

पण आधी आजीची बोली कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. तिच्या विणाईच्या खात्यात दोनशे माग एकदम चालत. त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत. सावकाश, तोंड चांगलं उघडून, आणि जिच्याशी बोलायचं तिच्या डोळ्यांत बघून. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला मधल्या चाळीस जणींच्या डोक्यावरून सासूची गाऱ्हाणी सांगायची. कोणापासून काही लपवायचं असलं, तर तोंडाच्या त्या बाजूला तळहात आडवा धरायचा. खात्यातली कुजबुज म्हणजे एवढीच.

नव्वदीतही आजी खिडकीत बसून समोरच्या घरातली भांडणं ओठांवरून वाचायची आणि आम्हाला धावतं समालोचन ऐकवायची. माझ्या लग्नात तिने हॉलच्या पलीकडच्या व्याह्यांचं बोलणं वाचलं, आणि तिथूनच मला ओठांनी कळवलं, "माणसं बरी दिसतात. सध्या आपल्या खुर्च्यांना नावं ठेवतायत." आई लवकर गेली, मला आजीनेच वाढवलं. घरात ही बोली शिकले ती मी एकटीच. भरल्या घरात आम्ही दोघी मनाला येईल ते बोलायचो, आणि कोणाला पत्ता लागायचा नाही.

आणि शेवटच्या क्षणी नेमकी मीच नव्हते. सतरा दिवस मी रुग्णालयात तिच्या उशाशी बसून काढले. अठराव्या दिवशी दुपारी तिने ओठांनी सांगितलं, गाडीतली शाल आण. मी खाली गेले आणि परत आले. मध्ये सहा-सात मिनिटं गेली असतील. तेवढ्यात सगळं आटोपलं होतं. परिचारिका म्हणाली, "जाताना ओठ हलत होते हो त्यांचे. खूप काहीतरी बोलल्या. आम्हाला काय कळणार?" मला कळलं असतं. जगात मला एकटीलाच कळलं असतं. त्र्याण्णव वर्षं जगलेल्या बाईचे शेवटचे शब्द, आणि ते वाचायला समोर कोणी नव्हतं. हे माझ्या जिवाला इतकं लागलं होतं की महिनाभर अन्न गोड लागत नव्हतं.

पहारेकऱ्याने दार उघडून दिलं आणि तो परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला. आत मी एकटीच शिरले. माग केव्हाच भंगारात गेले होते. राहिली होती ती एवढी मोठी मोकळी फरशी. जिथे जिथे माग उभा होता तिथे तेलाचा काळा चौकोन, आणि चार कोपऱ्यांत चार बोल्ट. वरच्या काचांमधून दुपारचं ऊन पिवळट होऊन उतरत होतं, आणि त्यात कापसाची बारीक धूळ तरंगत होती. इतक्या वर्षांनीसुद्धा. वास तेलाचा, ओल्या सुताचा. आजी कामावरून आली की तिच्या केसांना हाच वास यायचा. मी लहान असताना तिच्या कुशीत शिरून तो भरभरून घ्यायचे. मला तिथे भीती कसली वाटणार? उलट बरं वाटलं. डोळे जड झाले.

केबिन होती खात्याच्या एका अंगाला, आठ-दहा लोखंडी पायऱ्या चढून. समोर पूर्ण काच, म्हणजे मुकादमाला बसल्या जागी सगळ्यांवर लक्ष ठेवता यावं. फोटो दाराशेजारी होता. मी तो काढायला हात वर केला, आणि सहज काचेतून खाली पाहिलं.

आजी तिच्या जागेवर उभी होती.

खिडकीकडून तिसऱ्या रांगेत, तेलाच्या चौकोनापाशी. वीस-बावीस वर्षांची असेल. मी तिला त्या वयात कधी पाहिलेलं नाही, पण उभं राहण्याची ती ढब ओळखायला फोटो कशाला हवा? तिचे हात चालले होते. समोर काहीच नव्हतं, तरी तुटलेलं सूत शोधायचं, बोटांनी वळायचं, पुन्हा शोधायचं. तिने मान वर केली. केबिनकडे पाहिलं आणि ओठांनी बोलायला लागली.

तुम्ही म्हणाल, ओरडली कशी नाहीस? नाही ओरडले. माझे डोळे भरून आले आणि मी काचेला नाक लावून वाचायला लागले. ती सगळं सांगत होती. पंधराव्या वर्षी कामाला लागले तेव्हा हात पोचेना, पायाखाली खोकं घेतलं. हजेरी घेणारा माणूस रोज माझंच नाव दोनदा पुकारायचा, शेवटी त्याच्याशीच लग्न केलं. पहिला मुलगा तापाने गेला, तिसऱ्या दिवशी कामावर आले, कारण घरात फार शांत होतं. ती सांगत होती आणि सांगताना तिचं वय वाढत होतं. केस पांढरे झाले, खांदे वाकले. ऊन जागचं हललं नाही. एक अख्खं आयुष्य माझ्यासमोर आवाज न करता उलगडत होतं, आणि मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं.

मग ती म्हणाली, "ही माझी नात. फार हट्टी आहे."

मी हसले. आणि मग माझं हसू तोंडातच राहिलं. माझ्याशी बोलत असती तर ती 'ही' कशाला म्हणाली असती?

ती थांबली होती. समोरच्याचं उत्तर वाचताना थांबतात, तशी. मग तिने मान डोलावली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिचे डोळे माझ्या डोळ्यांत नव्हतेच. इतका वेळ नव्हते. ते माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर होते... माझ्या मागे.

केबिनमध्ये मी एकटीच आले होते. दार माझ्या उजवीकडे, ते जागचं हललं नव्हतं. डाव्या कानाशी मात्र काहीतरी कोमट... श्वास म्हणावा तर तो आत-बाहेर होत नव्हता. नुसता बाहेरच येत होता.

"हिला मी शाल आणायला पाठवलं," आजी त्या कोणाला तरी सांगत होती. आता ती माझ्या ओळखीची आजी झाली होती, रुग्णालयातल्या गाऊनमधली. "गेली बिचारी धावत. आणि मग मी तुला म्हटलं..." इथे तिने तळहात उचलला आणि तोंडाच्या माझ्याकडच्या बाजूला आडवा धरला. ओठ झाकले गेले. ती बोलत राहिली. बराच वेळ. महिनाभर ज्या शब्दांसाठी मी तळमळत होते ते माझ्यासमोर बोलले जात होते, आणि आजी ते माझ्यापासून लपवत होती. मी काचेवर मूठ आपटली. मला माझ्याच मुठीचा आवाज आला नाही.

तिने हात खाली घेतला. आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तू नव्हतीस तेच बरं झालं, बाळा."

"आजी..." मी ओठांनीच म्हटलं.

"मी मुद्दाम पाठवलं तुला. ही दारात येऊन उभी होती. तुला बघितलं असतं हिने."

"कोण, आजी?"

"मागे वळू नकोस." ती घाबरली होती. आयुष्यात मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "कशाला आलीस इथे? मी कबूल करून घेतलं होतं तिच्याकडून... आता बघितलं ना तिने तुला... जा. हळू जा. पळू नकोस, पळालीस की तिला वाटेल बोलावलंस."

फोटो खिळ्यावरच राहिला. मी एकेक पायरी उतरले, ती लांबच लांब फरशी ओलांडली. आजीच्या जागेजवळून गेले तेव्हा तिथे तेलाचा डाग होता, बाकी काही नाही. डाव्या खांद्याशी ते कोमट काहीतरी अर्धं पाऊल मागे, माझ्याच चालीने येत होतं. माझ्या चपलांचा आवाज मला येत नव्हता. कसलाच आवाज येत नव्हता.

बाहेर पहारेकरी खुर्ची सोडून उभा होता, दोन्ही कानांवर हात दाबून. तो माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडत होता. मला ऐकू आलं नाही, मी वाचलं. "बाई, आत माग कोणी चालू केले? बंद करा आधी, जमीन हादरतेय!" ते माग त्याने स्वतः ट्रकमध्ये चढवून दिले होते.

संध्याकाळपर्यंत उजवा कान सुटला. डावा नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडदा धड आहे, पण वर्षानुवर्षं खडखडाटात राहिल्यासारखा कान गेलाय. मग विचारलं, किती वर्षं होतात कारखान्यात? मी म्हटलं, मी बँकेत नोकरी करते हो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

एक सांगू? त्या दिवसापासून माझं रडणं थांबलं. मी कमी पडले नव्हते. मी वाचावे म्हणूनच तिने मला बाहेर पाठवलं होतं, आणि जाता जाता माझ्यासाठी कोणाशी तरी भांडली होती. इतकं प्रेम माझ्यावर कोणी केलं नाही.

माझ्या मुलीला मी आताच बजावून ठेवलंय, माझी वेळ येईल तेव्हा मी काही आणायला सांगितलं की निमूट उठायचं, आणि परत यायची घाई करायची नाही. ती चिडते. "आई, काहीतरीच काय! तुला एकटीला टाकून मी जाईन का?"

"एकटी कुठे असणार मी," असं म्हणते, आणि बाकावर डावीकडे थोडी जागा सोडून सरकून बसते.