पळत नव्हते

सुचेता, तू विचारलंस म्हणून सांगते. नवऱ्याला, राजीवलाही हे मी पूर्ण सांगितलेलं नाही.

दोन हजार चारची गोष्ट, आम्ही जपानात होतो तेव्हाची. राजीव सकाळी ऑफिसला गेला की रात्रीच परत यायचा. मी पुण्यात जपानी शिकले होते, म्हणून इचिकावातल्या एका वृद्धाश्रमात अर्धवेळ काम धरलं. ओजिमातल्या आमच्या घरून ट्रेननं जायचं, म्हाताऱ्यांना जेवण भरवायचं, चादरी बदलायच्या, चार शब्द बोलायचे.

दुसऱ्या मजल्यावर ताकेउची-सान होते. वय ब्याऐंशी. कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी त्यांना सूप भरवत होते. हीटर चालू, खिडकी बंद. तरी खोलीत ओल्या मातीचा वास होता, नुकतीच खणल्यासारखा. त्यांनी माझ्या खांद्यामागं पाहिलं.

"तुम्ही इंडियाच्या ना? मग ते काय म्हणताहेत, मला सांगा."

"कोण?"

"साठ वर्षं झाली... रोज तेच बोलतात. मला भाषा कळत नाही."

मी वळून पाहिलं. भिंत होती, कॅलेंडर होतं. वय झालंय, भ्रम होतो, असं मनाशी म्हणून मी चमचा पुढं केला. तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी मराठीत बोललं. साताऱ्याकडची बोली. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा आवाज.

"बाई... त्येला म्हणावं, आम्ही पळत नव्हतो. बसलो हुतो. तेवढं लिवून दे म्हणावं..."

तुला वाटेल, मी किंचाळले असेन. नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी आतून झाले. आवाज न बदलता ते वाक्य जपानीत सांगून टाकलं.

ताकेउची-साननी चमचा बाजूला सारला. मग तुटक तुटक बोलले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्तरेला एका खाणीपाशी कैद्यांची छावणी होती. ते तिथं पहारेकरी. तीन हिंदी शिपाई पळाले. दोन दिवसांनी गावकऱ्यांनी पकडून आणले.

"हात बांधून अंगणात बसवले. मी पाणी पाजलं त्यांना. मग हुकूम आला... रजिस्टरात लिहिलं, पळताना गोळी लागली. खाली माझी सही आहे."

"गोळी कुणी..."

"एकाला मी."

मी कागद आणि पेन दिलं. चार ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. गाव, तारीख, 'पकडून आणलेले होते, बसलेले होते, पळत नव्हते.' आणि सही. सूप गार झालं होतं. मी ते बेसिनमध्ये ओतलं आणि वाटी धुतली.

संध्याकाळी त्यांची मुलगी मिचिको-सान आली. तिनं तो कागद उभ्यानंच वाचला.

"बाबांना भास होतात. हे कुठं बोलू नका."

"बरं," मी म्हटलं. म्हटलंच, सुचेता. कागद तिच्या पर्समध्ये गेला.

त्याच आठवड्यात ताकेउची-सान झोपेत गेले. मी चादर काढली, खिडकी उघडली, नव्या माणसासाठी पलंग पुसला. हात आपोआप चालत होते. काहीच वाटलं नाही.

जानेवारीत मिचिको-साननं मला स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. चेहरा ओढलेला. तिनं कागद टेबलावर उलगडला.

"घरच्या तिजोरीत होता. किल्ली फक्त माझ्याकडे. आज सकाळी पाहिलं, तर..."

वडिलांच्या सहीखाली अंगठ्याचे तीन ठसे होते. मातीचे.

"तुमच्याकडे असं करतात?" तिनं हळूच विचारलं.

"लिहिता येत नसेल, तर करतात."

तिनं कप बाजूला सरकवला. "मी काय करू?"

"परत तिजोरीत ठेवू नका. आमच्या वकिलातीत देऊ, त्या तिघांच्या घरच्यांना कळायला हवं. मी येते तुमच्याबरोबर."

तिनं होकारार्थी मान हलवली. मी कागद माझ्याकडे ओढला. दोन ठसे सुकून भेगाळले होते. तिसऱ्याला माझं बोट लागलं.

तो ओला होता.