वणीच्या गुरुजींचे डोळे

प्रेमात पडणाऱ्या मुली म्हणे आधी डोळे बघतात. मीही आधी डोळेच बघितले. पण ते पिवळे होते आणि ते बघण्याचा मला पगार मिळत होता.

१९८२ सालचा श्रावण. नाशिकच्या एका औषधशास्त्र कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होते. आमच्या सोनवणे सरांनी भुईआवळ्यातून काविळीवरचं औषध वेगळं काढायचा ध्यास घेतला होता. त्यामुळे पाऊस जरा थांबला, की कंपाउंडच्या भिंतीशी उकिडवं बसून भुईआवळा उपटणं हे काम माझ्याकडे. त्या शनिवारी मी अशीच बसले होते. हात चिखलात, साडीचा काठ ओला… पुन्हा भुरभुर सुरू झाली आणि माझ्या डोक्यावर एक काळी छत्री आली.

"मॅडम, कॉलेजात गवत काढायला माळी नाय का?"

मी वर बघितलं. माणूस तरुण होता. छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजत उभा होता.

"हे गवत नाही, औषध आहे," मी म्हटलं. "आणि तुमचे डोळे बघता तुम्हालाच लागेलसं दिसतंय."

"त्याच्यासाठीच तर आलोय," तो म्हणाला आणि हसला. हसू चांगलं होतं, हे मी नाइलाजाने मान्य केलं.

जयराम पगारे. वणीला प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सरांकडे पाठवलं होतं. ही कावीळ पिढीजात होती. आईला होती, मामांनाही. लिव्हर रक्तातला पिवळा रंग सावकाश काढतं, एवढंच. जिवाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धोका लग्नाला होता. मुलगी बघायला गेलं, की नेमके त्याच दिवशी डोळे पिवळेजर्द होत आणि मुलीकडचे 'मुलगा काविळीचा आहे' म्हणून पाय मागे घेत. असं बऱ्याच घरी झालं होतं.

सर मात्र खूष झाले. आपला अर्क पिढीजात काविळीवर चालतो का, हे त्यांना बघायचंच होतं. मी गुरुजींच्या हातात बाटली दिली. "रोज सकाळी एक चमचा. रिकाम्या पोटी घ्यायचं नाही. दर शनिवारी शाळा सुटली की इथे यायचं, रक्त द्यायचं."

"आणि डोळे?"

"डोळेही दाखवायचे."

मग दर शनिवारी दुपारच्या एसटीने गुरुजी येऊ लागले. मी त्यांची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायची.

"वर बघा."

"वर काय आहे?"

"पंखा."

"पंखा वणीलाही आहे की…"

मी दुसरी पापणी ओढायची. पण एसटीच्या वेळेला आपण घड्याळ बघायला लागलोय, हे मला कळत होतं. एकदा त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बांधावरचा भुईआवळा आणला. "फुलं आणली असती," ते म्हणाले, "पण तुम्ही ती वाळवून कुटली असती."

डोळे पांढरे होत गेले. रक्तही तेच सांगत होतं. सर तर कॉलेजभर सांगत सुटले. मलाही अभिमान वाटला… हे डोळे आपण स्वच्छ केले, असा.

पुढे ओल धरून आमच्या वाळवणाला बुरशी आली आणि अर्क संपला. डोळे पुन्हा पिवळे होणार, हे मी धरून चालले होते. पण झाले नाहीत. पुढच्या शनिवारीही नाहीत.

"तुम्ही दुसरं काही घेताय का?" मी दरडावून विचारलं.

"भाकरी घेतो. तुम्हीच तर म्हणालात, रिकाम्या पोटी नको. आता सवय झाली."

"आधी काय खायचात सकाळी?"

"सकाळी कुठं काय… शाळा सुटेपर्यंत चहावरच. आणि मुलगी बघायला जायचं तर आदल्या दिवसापासून घास उतरत नाय. मामाही म्हणतात, तिथं पोहे मिळणार, भरल्या पोटानं जाऊ नये."

मी त्यांना मुद्दाम एक दिवस उपाशी राहून यायला सांगितलं. आले ते पिवळे होऊनच. सरांनी परदेशी मासिक शोधून काढलं. अशा लोकांचं पोट उपाशी राहिलं की रंग चढतो, हे त्यात छापलेलं होतं. सरांनी मासिक मिटलं. "म्हणजे आपल्या झाडाचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "भाकरीचा आहे."

हे गुरुजींना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "उद्या रविवारी चांदवडला जायचंय. मामांनी मुलगी बघितली आहे."

मी काहीच बोलले नसते तर चांदवडही हातचं गेलं असतं. तसं व्हावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण रोग्याला कारण सांगायचं नाही, ही नोकरी मला जमणारी नव्हती.

"आज-उद्या दोन्ही दिवस पोटभर जेवून जा, गुरुजी," मी म्हटलं. "उपास घडला की डोळे पिवळे होतात, जेवलात तर होणार नाहीत. कुणी नाही म्हणणार नाही."

त्यांनी विचारलं, "तुमची अशी इच्छा आहे?"

"हा माझा सल्ला आहे."

तो रविवार मी धुणं धुण्यात घालवला. धुतलेले कपडेही पुन्हा धुतले. रडू येत होतं, त्याला साबणाचं निमित्त झालं.

सोमवारी डबा खायला बसणार, तोच दारात गुरुजी. डोळे पिवळेधमक.

"जेवून गेला नाहीत?"

"शनिवारी इथून गेल्यापासून घास नाय खाल्ला."

"मी सांगितलं होतं…"

"सांगितलं होतं म्हणून तर जमलं, मैना." पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. "मुलीच्या वडिलांनी डोळे बघितले, पोहे तसेच राहिले, विषय मिटला."

"सरळ नाही म्हणायला काय झालं होतं?"

"मामांना नाही म्हणायला कारण लागतं. कारण होतं… पण त्या कारणाला अजून विचारलेलं नव्हतं. ते विचारायला आलोय."

माझ्या कानांत पाऊस वाजत होता. बाहेर तर ऊन पडलं होतं. मी डबा उघडला, भाकरी आणि मेथीची भाजी त्यांच्यापुढे सरकवली.

"आधी खा. उपाशी माणसाला मी उत्तर देत नाही."

पहिला घास तोंडात असतानाच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि दुसरी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.