उशिराच्या फुलांचा हरभरा

ईश्वरी हरभऱ्याच्या वाफ्याशी पोचली तेव्हा एक तरुण बांधावर उभा राहून घाटे सोलून खात होता. त्याच्या पायाशी टरफलं पडली होती आणि टरफलांत लाल दोरे.

"अहो! माझे नमुने आहेत ते!" ती मराठीतच ओरडली.

तो दचकला. "सॉरी... मतलब, मला वाटलं साधा हरभरा आहे."

"साधाच आहे, पण—" ती थबकली. "तुम्हाला मराठी येतं?"

"घरातल्यापुरतं. रागावलेलं पूर्ण समजतं."

त्याचं नाव संग्राम. वडील साताऱ्याकडचे, जयपूरच्या छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन विद्याधर नगरात घर केलेले. जयपुरातल्याच दुर्गापुऱ्याच्या या संशोधन केंद्रात जमिनीची ओल मोजणारी यंत्रं बसवायला त्याच्या कंपनीनं त्याला पाठवलं होतं. ईश्वरी इस्लामपूरची, पीएचडीसाठी इथं आलेली.

हरभऱ्याचं फूल उमललं की ती देठाला दोरा बांधायची. दोऱ्याच्या रंगावरून दाण्याचं वय कळायचं. ठरलेल्या वयाला दाणा काढून लगेच गोठवायचा आणि प्रयोगशाळेत बघायचं, की दाण्यात प्रथिन साठवणारं जनुक कधी जागं होतं, कधी जोरात चालतं, कधी थांबतं. लाल दोऱ्याचे दाणे मधल्या वयाचे. निम्मे जानेवारीत दव गोठलं तेव्हा करपून गेले होते, आणि उरलेल्यांतले बरेचसे आता संग्रामच्या पोटात.

"सगळ्यात गोड तेच होते," तो ओशाळून म्हणाला.

"गोडच असणार. प्रथिन पुरतं भरेपर्यंत दाण्यात साखर असते." तिला रडू येत होतं, आणि त्याचा चेहरा बघून हसूही.

तिच्या मार्गदर्शक प्रतिमा मॅडमनी एकच वाट सांगितली: झाडांच्या शेंड्याला उशिरा येणारी फुलं धरायची, ऊन तापायच्या आत.

"मी पण बांधतो दोरे," संग्राम म्हणाला.

आणि तो खरंच यायला लागला. ऑफिसच्या आधी, सकाळच्या गारठ्यात. पानांवरची आंबट आंब बोटांना लागायची. चुकून ओठाला हात लागला की तो तोंड वाकडं करायचा. दाणे गोठवायची वेळ आली की तो द्रव नायट्रोजनचा डबा धरायचा, ती दाणे टाकायची, आणि पांढरी वाफ दोघांच्या मनगटांवरून खाली उतरायची.

"एवढासा दाणा... याला कसं समजतं, आता साठवायचं?"

"तेच शोधतेय."

"मग तुला पण माहीत नाही?"

"एकदम 'तुला'?" तिनं भुवई उंचावली.

"मी फक्त बाबांना 'तुम्ही' म्हणतो. दुसऱ्या कुणाला म्हटलं की... बाबा समोर आल्यासारखे वाटतात."

ती इतकी हसली की चिमट्यातला दाणा मातीत पडला.

मार्च लवकर तापला. बरीच फुलं गळाली, पण चाचणीपुरते दाणे मिळाले. निकाल आला तेव्हा ईश्वरीनं तो पुन्हा पुन्हा पाहिला. उशिराच्या दाण्यांत जनुक लवकर जोरात आलं होतं आणि लवकरच मंदावलं होतं. दाणे हलके राहिले होते.

"उष्णतेमुळे असेल," प्रतिमा मॅडम म्हणाल्या, "पण एका हंगामावर तसं म्हणता येणार नाही. आणखी एक रब्बी थांबशील?"

पुण्याच्या एका बियाणे कंपनीतली नोकरी तिच्या हातात होती. तिनं संग्रामला दोन्ही सांगितलं. "पुणं चांगलं आहे," एवढंच तो म्हणाला. मग काही दिवस आलाच नाही.

आला तो एका दुपारी, केंद्राच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर. बाहेर लू, उन्हाळ्यातला भाजणारा वारा, वाहत होती.

"तुला थांब म्हणणार नाही," बसता बसता त्यानं सुरुवात केली. "पण मी सांगायच्या आधीच तू गेलीस तर... मतलब... मला तू आवडते."

"आवडतेस."

"काय?"

"'मला तू आवडतेस' असं म्हणतात."

"मला तू आवडतेस." त्याचे कान लाल झाले होते.

तिनं ग्लास खाली ठेवला. "पुण्याच्या नोकरीला काल नकार कळवला मी."

"माझ्या—"

"तुझ्यासाठी नाही. अर्धवट उत्तर टाकून जाववत नाही मला."

"बरोबर आहे," तो म्हणाला. पण चेहरा उतरलाच.

"संग्राम, नुसतं कामाचं असतं ना, तर मॅडमना मी तिथंच हो म्हटलं असतं. इतके दिवस लागले ते तुझ्यामुळे. तुझ्यासाठी थांबतेय की कामासाठी, हे आधी नीट बघायचं होतं."

"मग?"

"मग काय... पुण्याला गेले असते, तरी तिथून फोन करून हेच सांगितलं असतं." तिनं पहिल्यांदाच नजर वळवली. "मलाही तू आवडतोस."

तो बाकावर पुढे सरकला.

"घरी आईला सांगू?"

"आधी चहा संपव."

संग्रामनं तो उकळता चहा एका घोटात संपवला, ठसकला, आणि ठसकतच खिशातून फोन काढला.