उजवीकडचा पडदा

खिशात फूटपट्टी घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात जाणारा माणूस कुणी पाहिला नसेल. आप्पा तसे गेले. सदतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेली, तेव्हा तोंडी मापावर त्यांचा विश्वास बसणार कसा!

"ग्राफिक्स कार्ड हवंय," ते म्हणाले. "उंची सात सेंटीमीटरच्या आत. पंखा नको, घरघर करतो. वेगळी वीज लागेल असलं नको, आमच्या डब्यात तेवढा जोर नाही. आणि खिशाला झेपेल असं."

"आप्पा, एवढ्या अटी लोक लग्न जमवतानाही घालत नाहीत," दुकानदार म्हणाला.

डबा म्हणजे घरचा कॉम्प्युटर, चार बोटं जाडीचा. तो खरा बायकोचा. नऊ वर्षं तिने त्यावर लोकांचे प्रबंध टाईप करून दिले. तिचे पडदे दोन असत. उजव्या पडद्यावर हाताने लिहिलेली पानं, डाव्यावर तिचं टायपिंग. पाठ भरून आली की ती उजव्या पडद्यावर पत्त्यांचा डाव लावून बसायची, एकटीच. ती जाऊन आठ महिने झाले होते. दोन पडदे बघवेनात म्हणून आप्पांनी उजवा याच दुकानात देऊन टाकला होता. टेबलावर त्याच्या जागी एक फिकट चौकोन राहिला. आप्पा त्या चौकोनावर चष्मासुद्धा ठेवत नसत.

डब्याने आता मान टाकली होती. परगावच्या लेकीचा दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल यायचा आणि दोन वाक्यांत तिच्या तोंडाचे चौकोनी तुकडे व्हायचे. "नवीन घ्या ना," ती म्हणायची. आप्पा ऐकायचे नाहीत. मागच्या रविवारी मात्र ती वेगळंच बोलली.

"आप्पा, इथली एक खोली मी तुमच्यासाठी ठेवलीय. पुढच्या रविवारी घरमालकाला सांगायचंय, ठेवायची की सोडायची. जबरदस्ती नाही. पण दर वेळी 'बघू' म्हणू नका."

आप्पांचं ठरलं होतं. जायचं. घरात दिवसभर स्वतःच्या खोकल्याखेरीज आवाज नव्हता, ते आणखी सोसणार नव्हतं. फक्त ते 'हो' तिचा चेहरा नीट बघून म्हणायचं होतं. म्हणून हे कार्ड.

दुकानदाराने खणातून एक वापरलेलं कार्ड काढलं. कार्डाच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते. अंगाने बारीक डब्याला ती आखूडच लागते, नाहीतर झाकण बसत नाही. या कार्डाला ती आधीच आखूड लावलेली होती. आप्पांनी मोजलं. साडेसहा.

"ज्यांचं होतं त्यांना आता लागत नाही," दुकानदार म्हणाला. "दोन पडद्यांची सोय आहे. तुमचा एकच ना? मग दुसरं भोक राहू द्या रिकामं."

सोमवारी सकाळी आप्पांनी स्वतःच्या हाताने कार्ड बसवलं. चित्र लख्ख आलं. एकच गोष्ट खटकली. माऊसचा बाण पडद्याच्या उजव्या कडेशी थांबायचा, तो आता थांबेना, कडेच्या पार निघून जाई. सेटिंग उघडून पाहिलं तर तिथे पडदे दोन: एक आणि दोन. आप्पांनी डब्यामागे वाकून बॅटरी मारली. वायर एकच होती.

"होतं असं," दुकानदार फोनवर म्हणाला. "कार्डाला वाटतं, दुसरा पडदा आहे. एखाद्या प्रोग्रामची खिडकी तिकडे गेली तर तीन बटणं एकदम दाबायची, येते परत." कुठली तीन, ते आप्पांनी कागदावर लिहून घेतलं.

त्यांनी सेटिंगमध्ये दुसरा पडदा बंद केला. मंगळवारी तो चालूच होता.

त्या दिवशी ते कॉम्प्युटरवर तिचा पत्त्यांचा डाव लावून बसले होते. डाव अडला, हात सटकला आणि खिडकी उजवीकडे निघून गेली. परत आणली तेव्हा डाव चार खेळ्या पुढे गेला होता.

आपणच खेळलो असू, आप्पांनी स्वतःची समजूत घातली. पण मोजमापाची सवय जाते थोडीच! बुधवारी त्यांनी आलेखाच्या कागदावर एकेक पत्ता नोंदवला, खिडकी उजवीकडे लोटली आणि चहा करायला उठले. कप घेऊन आले, तीन बटणं दाबली. सात खेळ्या. कागदाशी दोनदा ताडून पाहिलं. सातच.

भीती वाटायला हवी होती. आप्पांना वाटली ती सोबत. किती दिवसांनी घरात कुणीतरी त्यांच्या पुढची खेळी खेळत होतं. गुरुवारी, शुक्रवारी ते आळीपाळीने खेळले. आप्पा त्या फिकट चौकोनाकडे बघून "घे, आता तुझी पाळी" असंही म्हणू लागले.

शनिवारी दुपारी त्यांनी सांगून टाकलं. "उद्या लेकीला हो म्हणणार आहे गं. मी जातोय."

डाव उजवीकडे लोटला. परत आणला. एकही पत्ता हलला नव्हता.

रविवारी अकराला कॉल आला. लेकीचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की कानाजवळचे दोन पांढरे केसही आप्पांना कळले. तिचेही केस पांढरे व्हायला लागले, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अगं, ऐक. मी ठरवलंय..."

खिडकी सरकली. आप्पांचा हात माऊसवर नव्हता. सावकाश सरकत ती उजव्या कडेच्या पार गेली.

"काय ठरवलंत?" तिचा आवाज येत होता.

"मी येतोय," आप्पा म्हणाले.

ती नुसती "हं, हं" करत राहिली. मग म्हणाली, "खरंच? नाही हो, राग कसला. तुमचं घर आहे ते."

"अगं, येतोय म्हणतोय मी."

आप्पांनी तीन बटणं दाबली. पुन्हा दाबली. समोर रिकामा निळा पडदा.

ती हसली. आठ महिन्यांत हसली नव्हती तशी, अगदी मोकळी. "आईचा डाव? तुम्ही? आप्पा, कमाल आहे तुमची!" मग पुन्हा कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी थांबली. "हो. हो, कळलं. मी आजच घरमालकाला सांगते, खोली सोडतेय म्हणून. तुम्ही खूश आहात ना, झालं तर मग."

आप्पांनी मोबाईल उचलला. लेकीचा नंबर लावला.

कानात घंटी वाजू लागली. तीच घंटी कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून, लेकीच्या खोलीतूनही ऐकू आली.

"एक मिनिट हं, आप्पा," ती म्हणाली. "गंमत बघा, तुमच्याच नंबरावरून फोन येतोय."

"उचल," आप्पा म्हणाले. "उचल गं बाळा."

घंटी वाजत राहिली. लेक कुणाचं तरी बोलणं ऐकत होती.

"हो ना, बिघाडच असणार," ती म्हणाली.

आप्पांच्या कानाशी घंटी मध्येच तुटली; तिने फोन कापला होता.

"हं, तुम्ही बोला."