मशीन रिकामी चालवू नये

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी कपडे धुवायची मशीन मागच्या गॅलरीत आहे. समोरून काचेचं दार असलेली. घेऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिला वास यायला लागला. आधी ओल्या पायपुसण्यासारखा. मग कळमन्याच्या बाजार-यार्डात सडक्या संत्र्यांखाली दबलेल्या पोत्यासारखा. पुढे पुढे त्यात काहीतरी गोडसर मिसळलं. ते काय, मला ओळखू येईना.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वासाला कारण असतंच. दाराच्या रबराची घडी उलटून आतला काळा बुळबुळीत थर पुसला. खालचा फिल्टर उघडला, त्यातून केस आणि धाग्यांचा गोळा निघाला. पावडरचा खण दातांच्या ब्रशनं घासला. एकदा व्हिनेगर घालून मशीन फिरवली, एकदा सोडा घालून. लोक दोन्ही एकत्र घालतात; ती एकमेकांना मारतात आणि काम काहीच होत नाही. धुणं झाल्यावर दार उघडं ठेवायला लागले. वास जागचा हलला नाही.

शेवटी दुर्गेश नावाचा मेकॅनिक आला. त्यानं दार उघडलं आणि तोंड फिरवलं.

"म्याडम, आता एकच करा. एकदम गरम पाण्यावर मशीन रिकामी चालवा. एक बी कपडा नको आतमंदी."

"रिकामी?" माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई, दारात येऊन उभ्या होत्या. "रिकामं जातं फिरवत नाही, रिकामा पाळणा हालवत नाही. घरावर येते ते. अन् एवढं पाणी, एवढी लाईट फुकट घालवतं काय रे बाबू?"

"आजी, मशीन हाय, पाळणा नाही," दुर्गेश हसला.

"तुही बायको चालवते काय रिकामी?"

तो गेल्यावर सासूबाईंनी दोरीवरून सासऱ्यांची जुनी बंडी ओढली, ड्रममध्ये फेकली आणि मला बटण दाबायला सांगितलं. मी गरम पाणी लावून दाबलं. एका बंडीनं काय बिघडणार होतं?

वास गेला. ड्रममध्ये डोकं घातलं तरी फक्त पत्र्याचा थंड वास.

सासरे चंपतराव कळमन्याला मापारी होते. मी त्यांना बाबा म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा कीर्तनाची गोडी मला त्यांनीच लावली. रोज संध्याकाळी स्कूटरवर मागे बसवून मी त्यांना देवळात नेते. बुवांच्या अगदी पायाशी त्यांची जागा. अभंगाचं पहिलं चरण उचललं की त्यांचे डोळे वाहायला लागतात. तेवढं सोडलं तर त्या माणसाला जगात काही नको असतं.

त्या आठवड्यात एकदा बुवा सांगत होते, "शेजारी जो बसला आहे ना, त्याच्यात देव पाहा." तेवढ्यात बाबांचा शेजारी उठला आणि मागे जाऊन बसला. मग त्याच्या पलीकडचा. सतरंजी मोकळी होत गेली. बाबा डोळे मिटून डोलत होते. बुवा गाता गाता एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक.

परतताना स्कूटरवर मागून तो वास माझ्या मानेपाशी आला. सडकी संत्री, आणि ते गोडसर काहीतरी.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या. बाबांना स्वतःला कसलाच वास येत नव्हता. सासूबाईंनी त्यांची खाट गॅलरीत टाकली, मशीनला लागून, आणि ताट दाराच्या फटीतून पायानं सरकवायला लागल्या.

"लोकं मेल्यावर सडतात. तुमी जित्तेपणीच सडून राहिले," त्या म्हणायच्या. माझा नवरा अमोल खाली मान घालून जेवायचा.

मग देवळाचे ट्रस्टी मधुसूदनजी आले. फाटकाच्या आत आले नाहीत.

"चंपतराव, राग नका मानू. आता मोबाईलवर दिसते ना कीर्तन. घरूनच पाहत जा."

बाबा त्या दुपारी खाटेवर पाय जवळ घेऊन बसले होते.

"श्वेता, खरं सांग वं बेटा. माह्या अंगाले वास येते काय?"

"नाही बाबा." मी तोंडानं श्वास घेत होते.

"मंग मले काहून येऊ देत नाहीत?"

मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सांगितलं, मशीनचा वास त्या बंडीवाटे बाबांच्या अंगाला लागलाय. त्या दचकल्या नाहीत. भाकरी उलटत म्हणाल्या, "मले समजलं होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मशीन चांगली चालून राहिली ना? मंग हात नको लावू तिले. मशीन नवी हाय. बुढा किती दिवसाचा?"

दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे रामटेकला गेल्या. गरम पाण्यानं गेलेला वास थंड पाण्यानं परत येतो का बघायला मी तीच बंडी थंड पाण्यात मशीनमध्ये फिरवली. धुणं संपायच्या आतच गॅलरी त्या वासानं भरून गेली. बाबांच्या खांद्यापाशी नाक नेलं, तर तिथं अंगाचा साबण आणि तपकीर. एवढंच. मला हुंदका आला.

"काय वं, पागल झाली काय?" बाबा हसले.

आता वास मशीनमध्ये होता. सासूबाई परतल्या की दोरीवरून कुणाचा ना कुणाचा कपडा ओढणार. त्याआधी दुर्गेशनं सांगितलं तसंच करायचं ठरवलं. बंडी काढली. ड्रम हातानं चाचपला. रिकामा होता. सगळ्यात गरम पाणी लावून बटण दाबलं.

पाणी भरलं. ड्रम फिरायला लागला.

आत काहीतरी पडत होतं. ओल्या कपड्यासारखं. धप. धप.

काचेतून पाहिलं. नुसतं पाणी आणि वाफ.

मशीन थांबल्यावर दार उघडलं. आत काही नव्हतं. वासही नव्हता.

संध्याकाळी बाबांनी धुतलेलं धोतर नेसून उपरणं घेतलं. चौकात त्यांनी मागून माझ्या खांद्याला बोट लावलं.

"थांबव. येथून पायदल येतो मी. गुडघे मोकळे होतीन."

देवळात मधुसूदनजींनी त्यांना हाताला धरून पुढं नेलं, बुवांच्या पायाशी बसवलं. ते पाहून माझा जीव निवला. मी बायकांत बसले आणि डोळे मिटले. उदबत्ती, तूप, बुक्का, सगळं कसं स्वच्छ येत होतं नाकाला. बुवांचा आवाज चढत गेला.

"दोन्ही हात वर!" बुवा म्हणाले. "टाळी वाजवा!"

मी हात वर केले. टाळी वाजवतच डोळे उघडले.

माझ्याभोवती सतरंजी मोकळी होती. बायका भिंतीशी दाटीनं बसल्या होत्या, एका हातानं पदर नाकाशी धरून.

बाबा मागं वळून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी उपरणं नाकाला लावलं होतं. दुसऱ्या हातानं ते मला खुणावत होते, मागं सरक, अजून मागं.

बायकांच्या बाजूनं टाळी येत होती, ती एकट्या माझीच.